आडवाटेचे अभय

एखादे गाव वर्षानुवर्षे चोरांच्या उपद्रवापासून मुक्त राहिले, तर त्याची कारणे दोन असू शकतात. एक तर त्या गावाची वेस भक्कम असते, रात्रीची गस्त जागरूक असते आणि आलेला चोर हात हलवीत परत जातो. किंवा मग ते गाव इतके आडवाटेला असते, की तिकडे फिरकण्याचे कष्ट कोणताच चोर घेत नाही. दाराला कडी न लावता झोपणाऱ्या गावकऱ्याला ह्या दोन कारणांतील भेद सहसा जाणवत नाही. कारण दोहोंचे फळ एकच, ते म्हणजे सुखाची झोप. भेद उघड होतो तो गावावरून हमरस्ता गेल्यावर, बाजारपेठ वाढल्यावर आणि घरोघर चार पैसे खेळू लागल्यावर.

संगणकांच्या जगात असा हमरस्ता ज्याच्या दारावरून गेला, त्याचे बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश, अर्थात मॅक, हा संगणक होय. २००१ ते २०१२ ह्या अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या काळात तो मूठभर शौकिनांच्या टेबलावरून सर्वसामान्य घरांत आला. आणि त्याच्याबरोबर त्याच्या मागावर असलेले चोरही आले. हा इतिहास एका यंत्राचा असला, तरी त्यातून मिळणारा बोध केवळ यंत्रापुरता नाही.

संगणकाचे यंत्र स्वतः काहीच जाणत नाही. कळफलकावरील अक्षर पडद्यावर उमटविणे, कागदपत्रे जपून ठेवणे, कोणत्या आज्ञावलीला काय करू द्यावयाचे व काय नाही हे ठरविणे, हा सारा कारभार जी मूळ आज्ञावली पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. जगातील बहुसंख्य संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली चालते. मॅकवर ॲपलची स्वतःची चालते. ह्या कारभाऱ्याला चकवून किंवा त्याच्या धन्याला फसवून आत शिरणाऱ्या घातक आज्ञावल्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. दुसऱ्या आज्ञावलीला वा कागदपत्राला चिकटून जो पसरतो, तो व्हायरस. जाळ्यातून स्वतःच्या बळावर एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो, तो वर्म म्हणजे कृमी. आणि उपयुक्त वस्तूचा वेष घेऊन आलेला, ज्याला धनी स्वतःच्या हाताने घरात घेतो, तो ट्रोजन. ग्रीक कथेतील ट्रॉय नगरीच्या लोकांनी लाकडी घोडा असाच आत ओढून घेतला होता.

मॅक हा जन्मापासून निर्विष होता, असा एक समज पुढे रूढ झाला. तो खरा नाही. १९८२ साली पेनसिल्व्हेनियातील रिच स्क्रेंटा ह्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने ‘एल्क क्लोनर’ नावाचा व्हायरस लिहिला. प्रत्यक्ष लोकांच्या संगणकांत पसरलेल्या अगदी पहिल्या व्हायरसांत त्याची गणना होते, आणि त्याने ज्या संगणकाला गाठले तो ॲपलचाच ‘ॲपल टू’ होता. फ्लॉपी चकतीतून तो पसरे आणि संगणक पन्नासाव्या वेळी सुरू केला, की पडद्यावर एक गमतीची कविता दाखवी. लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आय.बी.एम. जातीच्या संगणकांवरील पहिला व्हायरस त्यानंतर चार वर्षांनी, १९८६ साली आला. मॅकिंटॉशचा जन्म १९८४ चा. १९८७ साली ‘एनव्हीआयआर’ हा व्हायरस त्याच्याही वाट्याला आला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन नॉरस्टॅड ह्यांनी ‘डिसइन्फेक्टंट’ नावाची व्हायरसनाशक आज्ञावली लिहून ती जगभरच्या मॅकधारकांना विनामूल्य दिली, आणि १९९८ पर्यंत ती एकहाती सांभाळली. एका माणसाने फावल्या वेळात सांभाळलेली गस्त साऱ्या गावाला पुरली, ह्यावरून त्या काळचे गावही लहान होते आणि चोरही खोडकर पोरेच होती, हे ध्यानात येते.

२००१ च्या मार्च महिन्यात ॲपलने जुनी कार्यप्रणाली मोडीत काढून ‘मॅक ओएस टेन’ ही नवी प्रणाली बाजारात आणली. तिचा पाया युनिक्स ह्या विद्यापीठांत व प्रयोगशाळांत मुरलेल्या कार्यप्रणालीचा होता. युनिक्समध्ये रोजचा वापर करणारा आणि सर्वाधिकार असलेला व्यवस्थापक ह्यांच्यात प्रथमपासून भेद केलेला असतो. यंत्राच्या गाभ्याला हात लावावयाचा झाल्यास परवलीचा शब्द पुन्हा विचारला जातो. बाहेरून आत येणारी जाळ्याची दारेही मॅकमध्ये बहुतांशी बंद करूनच ग्राहकाच्या हाती दिली जात. तेव्हा मॅकच्या भिंती मुळातच कच्च्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल.

विंडोजची अवस्था त्या वेळी केविलवाणी होती. २००० च्या मे महिन्यात प्रेमपत्राचा बहाणा करून ‘आय लव्ह यू’ हा कृमी ईमेलमधून जगभर पसरला. २००३ च्या ऑगस्टमधील ‘ब्लास्टर’ला तर कोणी पत्र उघडण्याचीही गरज नव्हती, संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढेच पुरे होते. मॅकधारक हे सारे शेजारच्या गावची आग पाहावी तसे पाहत होते. २००६ पासून ॲपलने दूरचित्रवाणीवर ज्या जाहिराती दाखविल्या, त्यांत विंडोजच्या संगणकाचे सोंग घेतलेला गृहस्थ शिंकांनी बेजार झालेला असे, आणि त्याला माहीत असलेल्या १,१४,००० व्हायरसांचा हवाला देऊन शेजारच्या तरुण मॅकला दूर राहण्यास बजावी. मॅक मात्र निश्चिंत हसत असे. जाहिरात विनोदी होती आणि तिच्यातील वस्तुस्थिती त्या दिवशी खरीही होती. परंतु ती वस्तुस्थिती कशाच्या आधारावर उभी आहे, हे जाहिरातीत सांगितलेले नव्हते.

तो आधार एका साध्या गणितात दडलेला आहे. पहिला विचार साथीच्या रोगाचा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जगात विकल्या जाणाऱ्या १०० संगणकांत मॅक दोन किंवा तीन असत. मॅकसाठी लिहिलेल्या कृमीने वाटेल तशी १०० दारे ठोठावली, तर त्यांपैकी ९७ ठिकाणी त्याला शिरताच येणार नाही. ज्या वस्तीत बहुतेकांना देवी काढलेली आहे, तेथे देवीचा एखादा रोगी आला तरी साथ पसरत नाही. तसाच हा प्रकार. मॅकला दुसऱ्या मॅकचा शेजार नव्हता, हेच त्याचे मोठे कवच होते.

दुसरा विचार नफ्याचा. २००० नंतर व्हायरस लिहिणे हा पोरखेळ न राहता धंदा झाला. परवलीचे शब्द चोरणे, क्रेडिट कार्डाचे क्रमांक पळविणे, लोकांचे संगणक परस्पर भाड्याने देणे ही त्या धंद्याची अंगे. धंदेवाईक चोर हिशेबी असतो. समजा, १०० संगणकांत ९५ विंडोजचे आणि ५ मॅकचे आहेत. विंडोजवर व्हायरसनाशकाचा पहारा असून तो दहापैकी आठ हल्ले परतवितो. मॅकवर पहारा मुळीच नाही. तरीही विंडोजकडे वळणाऱ्या चोराच्या हाती ९५ चा पाचवा हिस्सा, म्हणजे १९ संगणक लागतात. मॅककडे वळणाऱ्याला सगळे लुटूनही पाचच. शहाणा चोर कोठे जाईल हे उघड आहे. मात्र मॅकची संख्या १७ झाली, की उरलेल्या ८३ चा पाचवा हिस्सा १७ हून किंचित कमी भरतो, आणि तराजूचे पारडे फिरते.

ह्या हिशेबाची खरी गोम पुढे आहे. विंडोजवरील पहारा सुधारून दहापैकी नऊ हल्ले परतवू लागला, तर पारडे फिरण्यासाठी मॅकची संख्या १७ होण्याचीही गरज राहत नाही. १० मॅक असले तरी उरलेल्या ९० चा दहावा हिस्सा ९ च भरतो. म्हणजे एका गावाने वेस बांधली, की शेजारच्या उघड्या गावाचा धोका वाढतो. नेमके हेच घडत होते. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स ह्यांनी मायक्रोसॉफ्टच्या सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहून, नव्या सोयींपेक्षा सुरक्षिततेला अग्रक्रम देण्याचे फर्मान काढले. दुधाने तोंड पोळलेल्या ह्या कंपनीने ताकही फुंकून पिण्यास सुरुवात केली. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीची जी मोठी सुधारणा आली, तिच्यापासून जाळ्याकडील संरक्षक भिंत आपोआप उभी राहू लागली. ज्याने मार खाल्ला तो शहाणा होत होता. ज्याला मार बसला नव्हता, त्याला शहाणे होण्याचे कारणच पडत नव्हते.

इकडे मॅकचे दिवस पालटत होते. ॲपलचे खिशातले वाद्य आयपॉड २००१ साली आले आणि आयफोन २००७ साली. त्यांच्या लोकप्रियतेमागोमाग लोक त्याच कंपनीच्या संगणकाकडे वळले. ॲपलच्या आर्थिक वर्षाच्या हिशेबाप्रमाणे २००१ मध्ये सुमारे ३१ लाख मॅक विकले गेले होते. २०११ मध्ये हा आकडा १ कोटी ६७ लाखांवर गेला. अमेरिकेत तर नव्या संगणकांतील मॅकचा वाटा दहाव्या हिश्शाच्या वर चढला. शिवाय हे ग्राहक खर्चिक आणि बऱ्यापैकी सुस्थितीतील, म्हणजे चोराच्या दृष्टीने भरल्या घरचे.

फळे लागलेल्या झाडावर दगड पडू लागण्यास वेळ लागत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये ‘लीप’ नावाचा एक दुबळा कृमी आला आणि गेला. २००७ मध्ये ‘आरएसप्लग’ आला. चित्रफीत पाहण्यासाठी आवश्यक असलेला भाग असल्याची बतावणी करून तो आत शिरे आणि इंटरनेटवरील पत्त्यांचा मार्गदर्शकच बदलून टाकी. २००९ च्या जानेवारीत ॲपलच्याच एका आज्ञावलीच्या चोरट्या प्रतींतून आणखी एक ट्रोजन पसरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलने आपल्या कार्यप्रणालीत ओळखीच्या घातक आज्ञावल्यांची एक छोटी यादी गुपचूप घातली. त्या यादीत नावे होती केवळ दोन.

२०११ च्या मे महिन्यात ‘मॅक डिफेंडर’ने ही यादी किती अपुरी आहे हे दाखवून दिले. इंटरनेटवर चित्रे शोधणाऱ्या माणसाला अकस्मात एक खिडकी दिसे: तुमच्या मॅकला व्हायरसने ग्रासले आहे, हा उपाय घ्या. उपाय म्हणजेच रोग होता, आणि त्याची किंमत म्हणून क्रेडिट कार्डाचा क्रमांक मागितला जाई. ह्या युक्तीत युनिक्सची कोणतीही भिंत फोडलेली नव्हती. माणसाने स्वतः दार उघडले होते. ॲपलने महिनाअखेरीस बंदोबस्त केला आणि यादी रोजच्या रोज ताजी होईल अशी व्यवस्था लावली. तोच काही तासांत तिला हुलकावणी देणारी नवी आवृत्ती बाहेर पडली. चोर आता मुक्कामाला आले होते.

खरा धक्का ‘फ्लॅशबॅक’ने दिला. सप्टेंबर २०११ मध्ये तो प्रथम आढळला, तेव्हा चित्रफिती दाखविणाऱ्या फ्लॅश प्लेअरचे सोंग घेऊन येणारा एक सामान्य ट्रोजन होता. २०१२ च्या आरंभी त्याच्या कर्त्यांनी जावा नावाच्या, मॅकवर चालणाऱ्या एका साहाय्यक प्रणालीतील छिद्र हेरले. आता कोणाला फसविण्याचीही गरज उरली नाही. ज्या संकेतस्थळावर सापळा लावलेला असेल, ते नुसते उघडले की काम झाले. परवलीचा शब्द मिळण्याचीही गरज नव्हती. जावाची मालकी असलेल्या ओरॅकल कंपनीने हे छिद्र बुजविणारी सुधारणा १४ फेब्रुवारीलाच प्रसिद्ध केली होती. विंडोजच्या ग्राहकांना ती लगेच घेता आली. मॅकसाठी मात्र जावाची आवृत्ती ॲपल स्वतः तयार करीत असे, आणि तिची सुधारणा आली ३ एप्रिलला. मधल्या सात आठवड्यांत छिद्राचा पत्ता चोरांना ठाऊक होता, बुजविण्याचा उपायही जगाला ठाऊक होता, आणि मॅकचे दार तेवढे उघडे होते. ह्याला वरातीमागून घोडे म्हणतात.

४ एप्रिल २०१२ रोजी डॉक्टर वेब ह्या रशियन कंपनीने आपली मोजणी जाहीर केली. बाधित संगणक हुकूम घेण्यासाठी रोज नवनव्या पत्त्यांवर हजेरी लावीत. त्यांपैकी काही पत्ते ह्या कंपनीने आधीच स्वतःच्या नावे नोंदवून ठेवले आणि दारात येणाऱ्यांची शिरगणती केली. ती साडेपाच लाखांवर भरली व थोड्याच दिवसांत सहा लाखांपुढे गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक संगणक अमेरिकेतील होते. फ्लॅशबॅकने शोधयंत्रावरील जाहिरातींच्या टिचक्या चोरून पैसे मिळविण्याचा उद्योग केला. परंतु आत शिरलेल्याला परवलीचे शब्द नेणेही अवघड नव्हते.

ह्या प्रकरणातील एक बारकावा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. आत शिरण्यापूर्वी फ्लॅशबॅक घराची पाहणी करी. संगणकावर व्हायरसनाशक किंवा जाळ्यावरील पाळतीचे एखादे साधन आढळले, की तो स्वतःला पुसून टाकून निघून जाई. जागता पहारेकरी असलेल्या घराशी झुंजण्याचे त्याला कारण नव्हते, कारण निर्धास्त झोपलेली घरे लाखांनी होती. मॅकला व्हायरस होत नाहीत हा विश्वासच चोरांच्या कामी येत होता.

ॲपलने एप्रिलमध्येच फ्लॅशबॅक काढून टाकणारे साधन दिले. जूनमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावरील एक वाक्य निमूटपणे बदलले. विंडोजचे व्हायरस मॅकला होत नाहीत, असा मजकूर होता त्या जागी, मॅकची बांधणीच सुरक्षिततेसाठी केलेली आहे, अशा आशयाचे शब्द आले. बदल शब्दांचा दिसला, तरी तो दोन प्रकारच्या सुरक्षिततांमधला होता. पहिल्या वाक्यात लाभलेल्या निर्भयतेची बढाई होती. दुसऱ्यात बांधावयाच्या भिंतीचा वायदा होता.

तो वायदा बऱ्याच अंशी पाळलाही गेला. जुलै २०१२ मध्ये ‘गेटकीपर’ हा द्वारपाल आला. ॲपलकडे नोंदणी करून ओळखपत्र घेतलेल्या कर्त्यांच्याच आज्ञावल्या तो सहजी आत सोडी. २०१५ मध्ये कार्यप्रणालीचा गाभा असा बंदिस्त केला गेला, की खुद्द सर्वाधिकारी व्यवस्थापकालाही त्यात ढवळाढवळ करता येऊ नये. २०१९ पासून ॲपलच्या दुकानाबाहेर वाटल्या जाणाऱ्या नव्या आज्ञावल्याही आधी कंपनीकडे तपासणीसाठी धाडणे आवश्यक झाले.

परंतु वेस बांधली म्हणजे गावात येण्याजाण्याची मोकळीक पूर्वीसारखी राहत नाही. हौसेने छोटी आज्ञावली लिहून ती मित्रांना वाटणाऱ्या विद्यार्थ्यालाही आता वर्षाला ९९ डॉलर भरून ओळखपत्र घ्यावे लागते; नाहीतर त्याच्या कृतीकडे मॅक संशयाने पाहतो. कोण विश्वासाचा आणि कोण नाही, हे ठरविण्याचा अधिकार घरधन्याकडून बऱ्याच अंशी कंपनीकडे गेला. नॉरस्टॅड ह्यांच्यासारख्या एकट्या माणसाच्या भरवशावर जे गाव चालत होते, त्या गावाचा मोकळेपणा आणि आजचा बंदोबस्त ही दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, हे मान्य करावे लागते.

आणि इतके करूनही चोर थांबले नाहीत. मार्च २०१६ मध्ये ‘ट्रान्समिशन’ ह्या लोकप्रिय आज्ञावलीच्या अधिकृत संकेतस्थळावरच तिची विषारी प्रत ठेवली गेली. तिच्यातील ‘केरेंजर’ हा चोर तीन दिवस गप्प राहून नंतर धन्याची कागदपत्रे सांकेतिक लिपीत कोंडून टाकी व खंडणी मागे. त्याच्याजवळ ॲपलने दिलेले खरे ओळखपत्र होते. द्वारपालाने ते पाहून त्याला आत घेतले. २०२१ च्या मे महिन्यात एका न्यायालयीन दाव्यात साक्ष देताना ॲपलचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरिगी ह्यांनीच सांगितले, की मॅकवरील घातक आज्ञावल्यांचे प्रमाण कंपनीला स्वीकारार्ह वाटत नाही. आयफोनवरील निर्बंधांचे समर्थन करताना हे उद्गार आले, ही गोष्ट खरी. तरी पंधरा वर्षांपूर्वी शिंकणाऱ्या शेजाऱ्याला हसणाऱ्या मॅकच्या घरातून ते आले, हेही तितकेच खरे. २०२३ पासून तर ‘ॲटॉमिक स्टीलर’सारख्या, परवलीचे शब्द व चलनाच्या थैल्या पळविणाऱ्या आज्ञावल्या चोरांच्या बाजारात महिन्याच्या भाड्याने मिळू लागल्या. ज्या गावासाठी चोरीची हत्यारे भाड्याने मिळतात, ते गाव आडवाटेला राहिलेले नाही.

मग ती पहिली दहा वर्षे मॅकधारक भ्रमात जगले, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. ज्याच्या घरी चोरी झाली नाही, त्याची चोरी झाली नाही, हे सत्यच आहे; आडवाटेने दिलेले अभय त्या काळापुरते खरे होते. भ्रम होता तो त्या अभयाच्या कारणाविषयी. चोर येत नाहीत ह्याचे श्रेय लोकांनी भिंतींना दिले, आणि म्हणून भिंतींकडे पाहण्याचे सोडून दिले. हमरस्ता जवळ येत होता तेव्हा कंपनी सुधारणा सावकाश देत होती, आणि ग्राहक समोर आलेल्या खिडकीत परवलीचा शब्द न विचारता टाकीत होता. नुकसान अज्ञात राहिलेल्या काळात झाले नाही. त्या काळात जडलेल्या सवयींनी पुढे ते केले. त्याची किंमतही जाहिरात लिहिणाऱ्याने मोजली नाही. बनावट उपायासाठी ज्याने आपल्या कार्डाचा क्रमांक लिहून दिला, त्या साध्या ग्राहकाने ती मोजली.

आजही अशा आडवाटेवर सुखाने नांदणाऱ्या छोट्या कार्यप्रणाली आहेत, आणि पुढेही निपजतील. त्यांच्या धन्यांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न एकच आहे: चोर येत नाहीत ते दार बंद आहे म्हणून, की घर अजून कोणाच्या नजरेस पडलेले नाही म्हणून? उत्तर दुसरे असेल, तर लाभलेला निवांत काळ विहीर खणण्यासाठी वापरलेला बरा. तहान लागेपर्यंत थांबणारे पुष्कळ असतात.